मला न विचारता भाच्याने गाडी नेली, धडक झाली. विमा कुणाचं भरणार?

मांजराकाठ (रात्री ११.४०)

मंडळी, इथं वाचतो रोज, लिहितो कधीतरी. आज झोप येईना म्हणून लिहितोय.

येळवशीला (वेळ अमावस्येला) आम्ही सगळे लातूरहून गावी शेतात गेलो होतो. कोपीत पांडव मांडून पूजा झाली, भज्जी-आंबील रेटून झाली आणि मी बोरीखाली आडवा झालो. शर्ट काढून फांदीला अडकवला होता, गाडीची किल्ली त्याच्याच खिशात. डोळा लागला. तेवढ्यात अक्काच्या पोरानं (वय १९) खिशातली किल्ली काढली, दोन दोस्त घेतले आणि मुरूडला थंड प्यायला गेला. परत येताना दूध घालून घरी निघालेल्या एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. माणूस पन्नाशीतला, मांडीचं हाड मोडलंय, लातूरला दवाखान्यात आहे. रॉड टाकलाय.

गाडी माझ्या नावावर, विमा 'फुल', मार्चपर्यंत चालू. पोराकडं फक्त शिकाऊ लायसन्स.

गाडी ठाण्यात लावलीय. उद्या ११ वाजता मला जबाबाला बोलावलंय. आता घरातली दोन मतं ऐका. दाजी म्हणायलेत, "गाडी तूच चालवत होतास म्हणून सांग. तुझ्याकडं लायसन्स आहे, विमा आहे, सगळं सरळ होतंय. पोरगा पोलीस भरतीची तयारी करायलाय, केस लागली की चारित्र्य पडताळणीत बसला अडकून." चुलतभाऊ म्हणतोय, "गाडी चोरीला गेली होती असं लिहून दे, तुझा संबंधच मिटला."

मला एवढंच कळत नाही : मी परवानगीच दिली नव्हती, तर माझ्यावर काय येतं? आणि कंपनी त्या दूधवाल्याचं भरणार की नाही?

बालाघाटी (रात्री ११.५२)

बोरीखाली झोपलात हे बरोबर, पण शर्ट काढून कामून झोपलात मालक? असो. दाजींचं ऐकू नका. चुलतभावाचं तर आजिबात नका. चोरी म्हणलं की चोर कोण, हे ठाण्यात पहिल्या पाच मिनिटांत विचारतेत. तुमचा चोर कोपीत आंबील पिऊन गेलाय, अख्ख्या शिवारानं बघितलंय.

हप्ता_भरा (सकाळी ६.१५)

मी विम्याचं काम करतो, १४ वर्षं झाली. घाईत आहात म्हणून मुद्द्याचं.

'फुल इन्शुरन्स' म्हणतो आपण, पण त्या एका कागदात दोन वेगळे खिसे असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे दूधवाल्याचा. दुसरा ओडीचा, म्हणजे तुमच्या गाडीच्या पत्र्याचा. दोन्ही खिशांचे नियम वेगळे. लोक एकाचं उत्तर दुसऱ्याला लावतात आणि गोंधळ होतो.

आधी एक बघा. शिकाऊ लायसन्सची मुदत ६ महिने असते. हल्ली पोरं घरी बसून ऑनलाइन काढतात आणि विसरून जातात. तारीख बघून सांगा. दुसरं, शेजारी बसलेल्याकडं पक्कं लायसन्स होतं का?

आणि कंपनीला अजून कळवलं नसेल तर आत्ता कळवा. त्यांच्या हेल्पलाइनला फोन, क्लेम नंबर लिहून घ्या. पोलिसांना सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही.

मांजराकाठ (सकाळी ६.५०)

कंपनीला कळवलं, नंबर मिळाला. लायसन्स पाहिलं. जिवात जीव आला, पुढच्या महिन्यात संपतंय. पण बाकीच्या दोघांकडं पक्कं सोडा, एकाकडं शिकाऊसुद्धा नाही. लाल 'एल' तर गाडीला कधी लागलाच नाही.

हप्ता_भरा (सकाळी ७.०५)

मग तुमच्या पत्र्याचे पैसे विसरा. पॉलिसीच्या पुस्तिकेत 'ड्रायव्हर क्लॉज' म्हणून चार ओळी असतात, कुणी वाचत नाही. त्यात लिहिलंय, लायसन्स असलेला कुणीही चालवू शकतो. शिकाऊवालाही चालवू शकतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळून. म्हणजे शेजारी पक्कं लायसन्सवाला बसलेला आणि पुढं-मागं पाटी. तुमच्याकडं दोन्ही नाही. सर्व्हेअर आधी लायसन्सच मागणार.

खर्च किती सांगितलाय? पन्नास-साठ हजारांत असेल तर तसंही मी भांडू नका म्हणेन. तीन वर्षं क्लेम नसेल तर तुम्हाला ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळत असणार. तो जाण्यापेक्षा बोनट-बंपर खिशातनं करा.

काळा_कोट (सकाळी ७.४०)

अंबाजोगाईत वकिली करतो, बरीचशी अपघात दाव्यांचीच. ११ च्या आत वाचा.

"मी परवानगी दिली नव्हती" हे वाक्य लोकांना ढालीसारखं वाटतं. माझ्या ऑफिसात आलेल्या दर दुसऱ्या मालकाचं पहिलं वाक्य हेच असतं. पण जखमी माणसाच्या बाजूनं बघा. गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिचा थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे तो मालकाच्या सोयीसाठी नाही, रस्त्यावरच्या माणसासाठी आहे. त्या दूधवाल्याला काय माहीत चालवणारा मामा होता की भाचा, आणि किल्ली मागून घेतली की खिशातून काढली?

यावरचा जुना निकाल १९८७ चा, स्कँडिया इन्शुरन्स विरुद्ध कोकिळाबेन. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खायचं आणायला समोरच्या दुकानात गेला. मागं क्लीनरनं ट्रक हाणला, माणूस मेला. क्लीनरकडं लायसन्स नव्हतं. कंपनी म्हणाली, आम्ही देणार नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालकानं तर लायसन्सवाला ड्रायव्हर ठेवला होता, पॉलिसीची अट मोडली ती मालकानं नाही. कंपनीनं द्यावं. पुढं २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हे आणखी पक्कं केलं : नुसतं 'लायसन्स नव्हतं' म्हणून चालत नाही, मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं अट मोडली हे कंपनीनं सिद्ध करायचं. त्याच निकालात असंही आहे की शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच. तुमच्या पोराचं चालू आहे, म्हणून दूधवाल्याच्या दाव्यात तुमची बाजू बरी आहे.

आता दुसरी बाजू, ही नीट वाचा. २०११ चा जवाहर सिंग विरुद्ध बाला जैन. नात्यातल्या अल्पवयीन पोरानं घरातून किल्ली उचलून मोटारसायकल नेली, अपघात केला. मालक म्हणाला, मला न विचारता नेली. सुप्रीम कोर्टानं ऐकलं नाही. गाडीचा गैरवापर होऊ नये, तोही बिनलायसन्सच्या पोराकडून, हे बघणं मालकाचंच काम होतं. कंपनीनं मृताच्या घरच्यांना दिले आणि मालकाकडून वसूल करायची मुभा घेतली. आमच्याकडं याला 'आधी भरा, मग वसूल करा' म्हणतात.

म्हणजे परवानगी नव्हती एवढ्यानं कुणी सुटत नाही. प्रश्न पुढं जातो : लायसन्स होतं का, आणि किल्ली कुठं होती?

आणि आज जबाबात "विना परवानगी नेली" हे जोरात सांगायचं ठरवलं असेल तर एक लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १९७ आहे, मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेणं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही स्वतःला वाचवायला जे म्हणताय ते भाच्याच्या अंगावर आणखी एक कलम चढवतं. त्या कलमात एक फट ठेवलीय. विचारलं असतं तर मालक हो म्हणालाच असता असं त्याला रास्त कारणानं वाटत असेल आणि कोर्टाला ते पटलं, तर शिक्षा नाही. म्हणून विचारतो, याआधी त्यानं तुमची गाडी कधी चालवली होती?

मांजराकाठ (सकाळी ८.०२)

वकीलसाहेब, खरं सांगतो. दिवाळीत मीच त्याला मोकळ्या वावरात शिकवली. दोनदा चौकापर्यंतही घेऊन गेलो, मी शेजारी बसलो होतो. शिकाऊ लायसन्सचे पैसेसुद्धा मीच भरले, तो म्हणाला "मामा, भरतीत ड्रायव्हरच्या जागा निघतात". हे काल लिहायची लाज वाटली.

काळा_कोट (सकाळी ८.१५)

लाज कसली. बरं झालं सांगितलंत. मग जबाबात जसं घडलं तसंच सांगा. पूर्वी शिकवली होती, त्या दिवशी विचारलं नव्हतं, किल्ली शर्टाच्या खिशात होती, मी झोपलो होतो. एकही शब्द वाढवू नका, एकही खाऊ नका.

दाजींचा विषय. चालक बदलणं म्हणजे पोलिसांना आणि कंपनीला दोघांनाही खोटी माहिती देणं. तुमचा मोबाइल त्या वेळी शेतातल्या टॉवरवर होता. पोराचा मुरूडला. थंड पिताना पैसे मोबाइलवरूनच दिले असतील. कंपनीचा तपासनीस गावात चहा पिऊन जातो आणि सगळं घेऊन जातो, येळवशीला शेतात कोण झोपलं होतं हे सांगायला लोकांना लाच द्यावी लागत नाही.

अहमदपूरकर (सकाळी ८.३०)

मला हे पटत नाही. खिशातली किल्ली कुणी काढली यात मालकाचा दोष काय? उद्या घरफोडी करून गाडी नेली आणि चोरानं कुणाला उडवलं तर तेही मालकानं भरायचं का?

काळा_कोट (सकाळी ८.४४)

खऱ्या चोरीत मालकाची स्थिती फार वेगळी, बरोबर आहे तुमचं. त्यानं कुलूप लावलं, लगेच फिर्याद दिली, तर अट त्यानं मोडली असं कोण म्हणेल? पण भाचा चोर नसतो हो. घरात ये-जा असलेल्या, किल्ली कुठं टांगतात हे माहीत असलेल्या पोराला कोर्ट चोराच्या रांगेत बसवत नाही.

आणि खोटी चोरी तर करूच नका. चोरीचा क्लेम म्हणजे एफआयआर, दोन्ही किल्ल्या जमा, तपास लागला नाही म्हणून पोलिसांची 'ए समरी', मग कुठं पैसे. तुमची गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे. ती चोरीला गेली कशी?

(कोर्टात निघतो. दुपारी बघतो.)

गोदाकाठची_लेक (सकाळी ९.१०)

कधी लिहीत नाही इथं. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

२०१९ ला माझ्या थोरल्या भावाला नांदेडजवळ एका कारनं उडवलं. चालवत होता मालकाचा पुतण्या. फिर्यादीत नाव आलं मालकाचं, कारण त्याच्याकडं लायसन्स होतं. आम्हाला तेव्हा वाटलं, बरंय, कुणी का असेना, पैसे तर मिळतील. दवाखान्यात होतो, डोकं कुठं चालतंय.

पुढं दाव्यात साक्ष निघाली. ज्या हॉटेलवाल्यानं भावाला उचललं तो म्हणाला, चालवणारा पोरगा विशीतला होता, हा माणूस नव्हता. झालं, कंपनीनं तेच धरलं : फिर्याद खोटी, मिळून केलेली. म्हणजे आम्हीसुद्धा सामील! माझा भाऊ, ज्याचा पाय आजही दुमडत नाही, तो उलटतपासणीत दोन तास "तुम्ही मालकाशी कधी बोललात" याची उत्तरं देत उभा होता. उभा म्हणजे काठीवर. वर्षं गेली त्यात. शेवटी मिळाले, पण मधे बैल विकले, वहिनीचं सोनं गेलं.

चालक बदलणाऱ्याला वाटतं आपण आपलं घर वाचवतोय. दादा, तुम्ही त्या दूधवाल्याला भेटलात का?

मांजराकाठ (सकाळी ९.२२)

नाही ताई. भीती वाटली.

बालाघाटी (सकाळी ९.३०)

जा. नारळ-बिरळ घेऊन जाऊ नका, जेवणाचा डबा घेऊन जा. त्याच्या घरच्या बाईला तिथं कॅन्टीनचं परवडत नसतंय.

परळीचा_धूर (सकाळी १०.०५)

विषय निघालाच आहे तर. माझा पोरगा १६ चा. क्लासला स्कूटी नेतो. गल्लीतले सगळेच नेतेत. मलाही "न सांगता नेली" म्हणता येईल का?

हप्ता_भरा (सकाळी १०.१८)

धूरसाहेब, तुमची गोष्ट मामांच्या दसपट अवघड. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलंय. अल्पवयीनानं गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा मालकच दोषी धरतात : ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. कोर्ट गृहीत धरूनच चालतं की तुमची संमती होती. रोज क्लासला नेतो म्हणून इथं लिहून तुम्ही स्वतःच पुरावा दिलाय.

परळीचा_धूर (सकाळी १०.२१)

किल्ली कपाटात टाकली. आत्ता.

शेतीच_बरी (दुपारी १२.४०)

आमच्या इकडं गॅरेजवाल्याची पोरं टेस्ट राइड म्हणून गाडी घेऊन थेट रसवंतीवर जातेत. तेव्हा काय? आणि उसाच्या ट्रॅक्टरचं?

काळा_कोट (दुपारी २.३०)

गॅरेजचं गोव्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, १९८८ चा गुरु गोवेकर निकाल. दुरुस्तीला दिलेली गाडी गॅरेजच्या माणसानं चालवली, अपघात झाला. कंपनी म्हणाली, गाडी तेव्हा मालकाच्या ताब्यात नव्हती. कोर्टानं कंपनीलाच भरायला लावलं. विमा जखमीसाठी आहे, हाच धागा तिथंही.

ट्रॅक्टरसाठी वेगळा धागा काढा. ट्रॉलीचा विमा वेगळा असतो हे निम्म्या लोकांना धडक झाल्यावर कळतं, त्यावर मी दिवसभर लिहू शकतो.

मामा, जबाबाचं काय झालं?

मांजराकाठ (संध्याकाळी ७.१५)

झाला. घडलं तसं सांगितलं. लिहून घेणाऱ्यांनी दोनदा विचारलं, "नक्की हेच लिहू ना?" म्हटलं, हेच. शर्ट, बोर, सगळं आलं त्यात. बाहेर येईपर्यंत पाठ घामानं भिजली होती, डिसेंबरात.

पोरालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, "मामा हो म्हणाला असता म्हणून नेली." वकीलसाहेब, तुमची ती फट त्याला कुणी सांगितली नव्हती, आपणहून बोलला. खरंच, जागा असतो तर मी काय म्हणालो असतो? बहुतेक म्हणालो असतो, जा पण लवकर ये.

काळा_कोट (रात्री ८.००)

बरं झालं. आता क्रमानं. गाडी सुपुर्दनाम्यावर (खटला होईपर्यंत सांभाळून ठेवायच्या हमीवर) सोडवायला अर्ज करा : आरसी, पॉलिसी, पीयूसी, आधार. दूधवाला किंवा त्याच्या वतीनं वकील लातूरच्या अपघात न्यायाधिकरणात दावा लावेल, नव्या कायद्यात त्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. त्यात तुम्ही, भाचा आणि कंपनी, तिघं प्रतिवादी. नोटीस आली की घरी बसू नका, हजर राहा. मालक हजर झाला नाही की कंपनी सगळी गोष्ट तिच्या पद्धतीनं सांगते. गंभीर दुखापतीला चूक कुणाची हे न बघता कलम १६४ खाली अडीच लाखांचा मार्गही आहे, पण मांडीचं हाड आणि बुडालेला धंदा बघता त्याचा वकील कलम १६६ कडंच, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायलाच जाईल.

एक गोष्ट दाजींना सांगा. त्या दिवशी पोरगा स्वतःच दगावला असता तर? मागून नेलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा धरला जातो. २००९ च्या निंगम्मा निकालात हेच झालं : मागून आणलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून माणूस गेला, आणि थर्ड पार्टी म्हणून त्याच्या घरच्यांचा दावा बसला नाही. गाडीत शेजारी बसलेले दोस्त पॅकेज (म्हणजे 'फुल') पॉलिसीत येतात. चालवणारा त्यात येत नाही.

मांजराकाठ (१९ दिवसांनी, रात्री १०.३०)

विचारणारे बरेच आहेत म्हणून लिहितो.

गाडी सुटली. ओडी क्लेम नाकारल्याचं पत्र आलं, नियम ३ च लिहिलाय, हप्ता_भरांनी सांगितला तोच. ५८ हजार खिशातून गेले. अर्धे भाचा देणार म्हणतोय, उन्हाळ्यात पाइपलाइनच्या कामावर जाऊन. बघू.

दूधवाल्याला तीनदा भेटलो. पहिल्या दिवशी त्याची बायको माझ्याकडं बघतच नव्हती. डबा ठेवून आलो. दुसऱ्या वेळी तो स्वतःच बोलला, पायाचं काही नाही, मला विचारलं, "कॅनी कुठं हाईत?" दोन ॲल्युमिनियमच्या कॅनी, एक चेपलेली. पंचनाम्यात मोटारसायकल होती, कॅनी नव्हत्याच. त्या रस्त्याकडेला तुरीत पडल्या होत्या, भाच्यानं जाऊन शोधून आणल्या. सध्या त्याच्या म्हशींच्या धारा शेजारी काढतो आणि भाचा रोज सकाळी सायकलवर ते दूध डेअरीला घालतो. हे मी सांगितलं नाही, त्यानं आपणहून धरलंय. किती दिवस टिकतं माहीत नाही.

त्यानं दावा लावायचा की नाही मला विचारलं. मी म्हटलं, लावा, माझं नाव घालूनच लावा. वकीलसाहेबांनी सांगितलेली ६ महिन्यांची गोष्टही सांगितली. घरी आल्यावर बायको म्हणाली, तुमच्यासारखा प्रतिवादी तालुक्यात नसेल.

काळा_कोट (रात्री १०.५०)

बायकोचं बरोबर आहे. तुमच्याच विरुद्धच्या दाव्याची मुदत तुम्ही सांगताय. तरी चांगलं केलंत, मुदतीत आलेला दावा कंपनीलाच भरावा लागण्याची शक्यता जास्त. नोटीस आली की मला कळवा.

गोदाकाठची_लेक (रात्री ११.०५)

दादा, दाजी बोलतात का आता?

मांजराकाठ (रात्री ११.१२)

अक्का बोलते, दाजी नाही. काल त्यांना हा अख्खा धागा पाठवलाय. निळ्या टिका आल्यात.